महिन्याची मर्यादा, संध्याकाळची गर्दी

घरगुती ब्रॉडबँडच्या दरपत्रकात दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. पहिला वेगाचा, म्हणजे एका सेकंदात जोडणीतून जास्तीत जास्त किती माहिती वाहू शकेल याचा. दुसरा डेटामर्यादेचा, म्हणजे महिनाभरात एकूण किती माहिती वाहून गेल्यावर कंपनी जादा पैसे आकारील किंवा वेग उतरवील याचा. पहिला आकडा क्षणाशी बांधलेला आहे, दुसरा महिन्याशी. इंटरनेटच्या जाळ्यात ज्या गोष्टीची खरोखर टंचाई असते ती मात्र क्षणाशीच बांधलेली असते, आणि म्हणून महिन्याच्या हिशेबाने तिचे नियमन करू पाहणारी डेटामर्यादा ही तंत्राची गरज किती आणि दर आकारण्याची युक्ती किती, हा प्रश्न गेली सुमारे वीस वर्षे भारतात, अमेरिकेत आणि कॅनडात वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, भारतात या मर्यादेला प्रारंभी खरे भौतिक कारण होते, ते कारण ओसरल्यावरही मर्यादा बरीच वर्षे टिकली ती बाजाराच्या रचनेमुळे, आणि अखेर ती सैल झाली तीही तंत्रातील एखाद्या शोधापेक्षा स्पर्धेच्या रेट्यामुळे.

विवेचनापूर्वी एककांचा खुलासा आवश्यक आहे, कारण या विषयातील निम्मी दिशाभूल एककांच्या आडून होते. वेग बिटमध्ये मोजला जातो आणि मर्यादा बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १०० एमबीपीएस, असा वेग असेल तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट माहिती उतरते, आणि त्या वेगाने सलग वापर केल्यास १०० गिगाबाइटची, म्हणजे १०० जीबीची, मर्यादा ८००० सेकंदांत, दोन तास तेरा मिनिटांत, संपते. जाहिरातीत हा भागाकार कुठेही केलेला नसतो. तो ग्राहकानेच करायचा असतो, आणि तो केल्यावर मर्यादेचे खरे माप हाती येते: विकत घेतलेला वेग महिन्यातील ७२० तासांपैकी किती तास पूर्णपणे वापरता येईल. यापुढील विवेचनात या मापाला ‘पूर्ण वेगाचे तास’ असे म्हटले आहे.

आता टंचाईचे स्वरूप. घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा मार्ग प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र नसतो. आज शहरांतून प्रचलित असलेल्या जीपॉन या फायबर पद्धतीत केंद्रातून निघालेला एक तंतू स्प्लिटर नावाच्या छोट्या काचेच्या विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो, आणि त्या सर्व घरांना मिळून उतरत्या दिशेने सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट व चढत्या दिशेने त्याच्या निम्मी क्षमता उपलब्ध असते. चौसष्ट घरांनी एकाच सेकंदाला आपापला हिस्सा मागितला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस येतात. तरीही त्याच तंतूवर १०० आणि ३०० एमबीपीएसच्या जोडण्या विकल्या जातात, आणि त्यात लबाडी नाही, कारण चौसष्ट घरे एकाच सेकंदाला पूर्ण वेग मागत नाहीत. कुणी जेवत असते, कुणी वाचत असते, कुणी दूरचित्रवाणीवर चित्रपट पाहत असते आणि त्याला पाच-सात एमबीपीएस पुरतात. या सामायिक विक्रीच्या प्रमाणाला दूरसंचाराच्या परिभाषेत ‘कंटेन्शन रेशो’ म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ साली घरगुती जोडण्यांसाठी हे प्रमाण एकास पन्नासपेक्षा अधिक नसावे अशी मार्गदर्शक मर्यादा सांगितली होती. त्याआधीच्या, २००६ सालच्या सेवागुणवत्तेच्या नियमांत गर्दीच्या वेळी जोडमार्गांचा वापर क्षमतेच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे म्हटले होते. या दोन्ही तरतुदींत महिन्याच्या एकूण वापराला स्थान नव्हते, ही गोष्ट लक्षणीय आहे. गर्दी ही रात्री आठ ते अकराच्या दरम्यान होते. पहाटे चार वाजता तोच तंतू जवळजवळ रिकामा असतो, आणि त्या वेळी न वापरलेली क्षमता कुठे साठवून ठेवता येत नाही.

वीजपुरवठ्याशी या स्थितीची तुलना करता येते, आणि ती एका मर्यादेपर्यंतच खरी ठरते. महाराष्ट्रातील औद्योगिक वीजग्राहकांना दिवसाच्या प्रहरानुसार वेगळे दर लागतात, कारण संध्याकाळचे एक युनिट आणि मध्यरात्रीचे एक युनिट यांचा वीज कंपनीला पडणारा खर्च वेगळा असतो. परंतु मध्यरात्रीच्या युनिटसाठीही कोळसा जाळावाच लागतो, म्हणून एकूण युनिटे मोजण्यालाही तिथे अर्थ आहे. फायबरमधून एक गिगाबाइट वाहिला काय किंवा न वाहिला काय, टोकांवरच्या यंत्रांची वीज जवळपास तितकीच जळते. खर्च होतो तो खांब, खोदाई, तंतू, यंत्रे आणि माणसे यांवर, आणि तो वापर होवो न होवो, झालेलाच असतो.

कंपन्या स्वतः वरच्या पातळीवर इंटरनेट कसे विकत घेतात हे पाहिल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. शहरातील मध्यम आकाराची सेवादाती कंपनी जेव्हा मोठ्या जागतिक वाहकाकडून क्षमता घेते तेव्हा तिचे बिल सर्वसाधारणपणे ‘पंचाण्णवाव्या शतमाना’च्या पद्धतीने होते. दर पाच मिनिटांनी त्या जोडमार्गावरील सरासरी वेगाची नोंद घेतली जाते. तीस दिवसांच्या महिन्यात अशा ८६४० नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावून वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी, सोडून दिल्या जातात आणि त्यांच्या लगोलग खाली जी नोंद येईल तिच्या वेगावर महिन्याचे पैसे लागतात. म्हणजे सर्वांत गर्दीचे छत्तीस तास माफ, आणि त्याखालच्या गर्दीला दर. या बिलात गिगाबाइट कुठेच नसतात. जी कंपनी स्वतः गर्दीच्या वेगासाठी पैसे मोजते ती आपल्या घरगुती ग्राहकाला मात्र महिन्याच्या गिगाबाइटांचा हिशेब लावते, आणि या दोन हिशेबांमधली तफावत हेच डेटामर्यादेच्या वादाचे मूळ आहे.

मर्यादेच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो पोकळ नाही. जो ग्राहक महिन्याला दोन टेराबाइट वापरतो त्याच्या वापराचा काही भाग संध्याकाळी पडणारच, आणि ज्या वृद्ध दांपत्याचा वापर नातवंडांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलपुरताच आहे त्याने त्या पहिल्या ग्राहकाइतकेच पैसे का द्यावेत, हा न्यायाचा प्रश्न आहे. स्थिर खर्च कुणावर किती टाकायचा हे ठरवताना अधिक वापरणाऱ्यावर अधिक भार टाकणे हे अनेक सार्वजनिक सेवांमध्ये मान्य झालेले तत्त्व आहे. प्रश्न एवढाच की, भार टाकण्याचे हे माप योग्य आहे का. रात्री तीन वाजता संगणकाची प्रत ढगात (क्लाउडवर) चढवणारा आणि रात्री नऊ वाजता तीन खोल्यांत तीन चित्रपट चालवणारा हे दोघे महिन्याअखेरीस सारखेच गिगाबाइट वापरतात. पहिल्यामुळे शेजाऱ्याचे काहीही अडत नाही, दुसऱ्यामुळे अडू शकते. मर्यादा दोघांनाही एकाच मापाने मोजते. शिवाय कमी वापरणाऱ्यासाठी कमी वेगाची स्वस्त योजना उपलब्ध असतेच, म्हणजे न्यायाचा हेतू वेगाच्या आकड्यानेही साधतो.

भारतातील मर्यादेचा इतिहास वेळेच्या मोजणीपासून सुरू होतो. विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा फोनच्या तारेवरून जोडणी लावावी लागे आणि ठरावीक तासांचे पॅकेज विकत घ्यावे लागे. फोनच्या कॉलचे पैसे निराळे. ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये आले, त्यात २५६ केबीपीएस आणि त्यावरील नित्य चालू जोडणी अशी ब्रॉडबँडची व्याख्या झाली, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन व मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची ट्रायबँड या सेवा फोनच्याच तांब्याच्या तारेवर सुरू झाल्या. तास गेले आणि त्यांच्या जागी मेगाबाइट आले. स्वस्त योजनेत महिन्याला ४०० एमबी मिळत. २५६ केबीपीएस वेगाने हे ४०० एमबी साडेतीन तासांच्या आत संपत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक एमबीला स्वतंत्र आकार पडे, ज्यामुळे एखाद्या संगणकातील विषाणूने किंवा विंडोजच्या अद्ययावतीकरणाने हजारोंचे बिल आणल्याच्या तक्रारी त्या काळात सर्वत्र होत्या.

त्या वेळी मर्यादेला खरे कारण होते हे मान्य करावयास हवे. भारतीय ग्राहकाने उघडलेली बहुतांश पाने अमेरिकेतील किंवा युरोपातील संगणकांवर असत आणि ती समुद्राखालच्या तारांतून मुंबईला किंवा चेन्नईला येत. आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा मक्ता विदेश संचार निगमकडे होता, तो १ एप्रिल २००२ रोजी संपला; पण तारा ज्या किनारी केंद्रांवर उतरत ती केंद्रे मोजक्या हातांतच राहिली, आणि इतर कंपन्यांना तिथे जोडून घेण्यासाठी मोठे शुल्क द्यावे लागे, ज्याविरुद्ध ट्रायला २००७ पासून नियम करावे लागले. देशातल्या देशात पाठवलेला ईमेलही कित्येकदा परदेशात जाऊन परत येई, कारण दोन भारतीय कंपन्यांची जाळी देशात एकमेकांना जोडलेलीच नसत. तो वळसा वाचवण्यासाठी २००३ मध्ये राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे निक्सी, ही संस्था स्थापन झाली. प्रत्येक मेगाबाइटमागे समुद्राखालच्या महागड्या क्षमतेचा वाटा होता, आणि ती क्षमता गर्दीच्या वेळी खरोखर अपुरी पडे.

त्या टंचाईला बीएसएनएलने दिलेले एक उत्तर आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे, आणि या सबंध इतिहासात तेच सर्वांत प्रामाणिक उत्तर होते असे म्हणावे लागते. ‘होम ५००’ या योजनेत महिन्याची मर्यादा पुढे २.५ जीबी झाली, परंतु रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजलाच जात नसे. ज्या वेळी जाळे रिकामे त्या वेळी वापर मोकळा, ज्या वेळी गर्दी त्या वेळी मोजणी: दर आणि टंचाई यांची सांगड घालणारी याहून सरळ रचना घरगुती इंटरनेटच्या दरपत्रकात क्वचितच आढळते. या सहा तासांभोवती एक सबंध दिनक्रम उभा राहिला होता. डाउनलोड मॅनेजर या प्रकारच्या प्रणालींमध्ये वेळ लावून ठेवण्याची सोय असे, आणि जाणते ग्राहक ती बरोबर दोनला न लावता दोन वाजून पाच-दहा मिनिटांनी सुरू व आठच्या आधी पाच-दहा मिनिटे बंद होईल अशी लावत, कारण घरच्या संगणकाचे घड्याळ आणि एक्स्चेंजचे घड्याळ जुळेलच याची खात्री नसे. दोनच्या आधीपासून चालू असलेली जोडणी तोडून मोडेम पुन्हा सुरू करावा, असाही सल्ला सर्रास दिला जाई.

त्या सल्ल्यामागचे कारण मोजणीच्या यंत्रणेत सापडते, आणि ही यंत्रणा थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ग्राहकाचा मोडेम किंवा राउटर चालू झाला की तो नाव व परवलीचा शब्द पाठवतो; कंपनीच्या बाजूला रेडियस नावाच्या प्रणालीवर चालणारा संगणक ते तपासून जोडणीचे एक ‘सत्र’ उघडतो आणि त्या सत्रात किती बाइट आत आले व किती बाहेर गेले याची नोंद ठेवतो. सत्र बंद होताना, आणि चालू असताना ठरावीक अंतराने, ही बेरीज बिलाच्या प्रणालीकडे जाते. रात्री एकला उघडलेले सत्र सकाळी नऊला बंद झाले तर मधल्या नोंदी किती अंतराने झाल्या यावर मोकळ्या तासांतील वापर कितपत अचूक वेगळा काढता येईल हे ठरते. म्हणून नवे सत्र उघडण्यात ग्राहकाचे हित होते. याच यंत्रणेत आणखी एक गंमत आहे. मूळ प्रमाणपद्धतीत बाइटची बेरीज ठेवण्यासाठी ३२ बिटांची जागा होती, आणि तीत सुमारे ४.२९ अब्जांपलीकडची संख्या मावत नाही. चार जीबीच्या थोडे पुढे गेले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ही अडचण लक्षात आल्यावर २००० साली असे किती फेरे झाले ते सांगणारा दुसरा रकाना प्रमाणपद्धतीत जोडण्यात आला. हा दुसरा रकाना वाचायला विसरलेल्या बिलप्रणालीत दहा जीबीचे सत्र दीड जीबीहून कमी दिसेल. अर्थात या दोषाबद्दल कोणत्याही ग्राहकाने तक्रार केली असण्याचा संभव नाही.

जानेवारी २००७ मध्ये सरकारी कंपन्यांनी वेग दोन एमबीपीएसपर्यंत वाढवला, आणि तेव्हा मर्यादेचे विचित्र रूप उघड झाले. ४०० एमबीची मर्यादा तीच राहिली तर दोन एमबीपीएस वेगाने ती २७ मिनिटांत संपते. म्हणजे वेगाची भेट मिळाली आणि ती वापरण्याचे तास आठव्या हिश्श्यावर आले. २.५ जीबीची योजना घेतली तरी दिवसाच्या वापरासाठी पूर्ण वेगाचे तास पावणेतीनच.

पुढील टप्पा ‘फेअर युसेज पॉलिसी’चा, म्हणजे ज्याला ग्राहक आणि केबलवाले दोघेही नुसते एफयूपी म्हणतात त्याचा. जादा एमबीला जादा पैसे ही पद्धत बिलांच्या भीतीमुळे लोकांना नकोशी झाली होती. तिच्या जागी बिल निश्चित ठेवून मर्यादेनंतर वेग उतरवण्याची पद्धत आली. रेडियसची बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की त्याच यंत्रणेतून एक आज्ञा सुटते आणि चालू सत्राचा वेग बदलतो. ग्राहकाच्या घरातील दिवे तसेच हिरवे राहतात, फक्त चित्र थांबत-थांबत चालू लागते आणि ‘नेट स्लो झालं’ अशी तक्रार घेऊन घरातील कुणीतरी राउटर बंद-चालू करून पाहते. बिलाचा धसका गेला, ही खरी सुधारणा होती. पण उतरवलेला वेग इतका कमी असे की जोडणी नावापुरती उरे. ट्रायने २०१२ मध्ये या धोरणाची माहिती ग्राहकाला स्पष्ट देण्याचे निर्देश दिले, आणि ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशात वापर ठरावीक टप्प्यांवर पोचताच ग्राहकाला कळवावे तसेच स्थिर ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये असे बजावले. ५१२ केबीपीएस ही २०१३ पासूनची ब्रॉडबँडची किमान व्याख्या होती, त्यामुळे या निर्देशाचा अर्थ असा की, ब्रॉडबँड म्हणून विकलेली वस्तू महिनाअखेरपर्यंत ब्रॉडबँडच राहिली पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये ही व्याख्या दोन एमबीपीएसवर नेण्यात आली.

आता या इतिहासातील सर्वांत बोलका आकडा. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर ही सेवा व्यापारी स्वरूपात सुरू झाली तेव्हा तिच्या ६९९ रुपयांच्या पहिल्या योजनेत १०० एमबीपीएस वेग आणि मूळ १०० जीबीची मर्यादा होती. सुरुवातीच्या काही काळासाठी आणखी ५० जीबीची भर. मूळ मर्यादेचे पूर्ण वेगाचे तास दोन तास तेरा मिनिटे होतात. २००५ मध्ये २५६ केबीपीएसवर साडेतीन तास, त्यानंतर दोन एमबीपीएसवर पावणेतीन, आणि तांब्याची तार जाऊन काचेचा तंतू आल्यावर, वेग सुमारे चारशे पट झाल्यावर, सव्वादोन. दरम्यान समुद्राखालच्या तारांची क्षमता कितीतरी पटींनी वाढली होती, व्हिडिओच्या मोठ्या कंपन्यांनी लोकप्रिय चित्रफितींच्या प्रती साठवणारी यंत्रे सेवादात्यांच्या इमारतींतच आणून ठेवली होती, त्यामुळे संध्याकाळच्या वाहतुकीचा मोठा भाग समुद्र तर सोडाच, शहरही ओलांडत नव्हता. टंचाईचे कारण बदलले, तंत्र बदलले, आणि मर्यादेचे प्रमाण मात्र जवळजवळ जिथल्या तिथे राहिले.

आणि मग एका वर्षात ते बदलले. १ सप्टेंबर २०२० पासून त्याच कंपनीने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसची योजना आणली आणि जाहिरातीत ती अमर्याद म्हटली गेली. तळटिपेत मर्यादा होती ३३०० जीबी. बीएसएनएलने त्यानंतरच्या महिन्यात ४४९ रुपयांत ३० एमबीपीएस व तीच ३३०० जीबी अशी योजना दिली, आणि इतर मोठ्या कंपन्याही त्याच आकड्याच्या आसपास स्थिरावल्या. ३० एमबीपीएसवर ३३०० जीबीचे पूर्ण वेगाचे तास २४४ होतात, दहा दिवसांहून अधिक. २०१९ चा जीपॉन तंतू आणि २०२० चा जीपॉन तंतू एकच होता. स्प्लिटर तोच, घरे तीच. टाळेबंदीमुळे शाळा, कचेरी आणि करमणूक घरात आल्याने वापर उलट वाढलेला होता. गर्दी हे जर मर्यादेचे कारण असते तर २०२० हे मर्यादा आवळण्याचे वर्ष ठरायला हवे होते. त्या वर्षी घरगुती जोडणी ही चैनीची वस्तू राहिली नाही, एका शहरात तीन-चार कंपन्या फायबर घेऊन एकाच जिन्यात चढू लागल्या, आणि १०० जीबीची योजना विकणे कठीण झाले. मर्यादा उठली नाही, ती बहुसंख्य कुटुंबांच्या नजरेपलीकडे नेऊन ठेवली गेली.

अमेरिकेचा अनुभव हेच उलट्या बाजूने दाखवतो. कॉमकास्ट या तिथल्या सर्वांत मोठ्या केबल कंपनीने १ ऑक्टोबर २००८ पासून महिन्याला २५० जीबीची मर्यादा लावली. पार्श्वभूमी अशी की, फाइलवाटपाची एक विशिष्ट वाहतूक ही कंपनी गुपचूप अडवत असल्याचे २००७ मध्ये उघड झाले होते आणि त्याबद्दल ऑगस्ट २००८ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, तिला फटकारले होते. विशिष्ट वापर अडवता येत नाही तर एकूण वापर मोजावा, हा त्यातून काढलेला मार्ग. पुढे प्रयोगादाखल ३०० जीबी आणि त्यावरील दर ५० जीबीला दहा डॉलर अशी आकारणी आली, २०१६ मध्ये मर्यादा एक टेराबाइट झाली, २०२० मध्ये १.२ टेराबाइट. केबल उद्योगाच्या संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष मायकेल पॉवेल, जे स्वतः पूर्वी एफसीसीचे अध्यक्ष होते, यांनी जानेवारी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले की मर्यादेचा संबंध गर्दीशी जोडणे चूक आहे. मोठ्या स्थिर खर्चाची वसुली न्याय्य रीतीने कशी करावी हा तिचा मुख्य हेतू आहे. उद्योगाच्याच मुखातून आलेल्या या कबुलीनंतर गर्दीचा युक्तिवाद अमेरिकेत तरी संपायला हवा होता, पण तो संपला नाही.

तिथला भूगोल अधिक बोलका आहे. कॉमकास्टची टेराबाइटची मर्यादा देशभर लागू होत असताना ईशान्येकडील राज्ये तिच्यातून वगळलेली राहिली, आणि त्यांतली बरीच राज्ये अशी की जिथे व्हेरायझन ही फोन कंपनी घरोघर फायबर घेऊन उभी होती व तिच्या जोडण्यांना मर्यादा नव्हती. २०२१ च्या आरंभी मर्यादा तिथेही लावण्याचे जाहीर झाले, लोकप्रतिनिधींनी साथीच्या काळात असे करण्यास विरोध केला, ती आधी पुढे ढकलली गेली आणि नंतर बारगळली. एकाच कंपनीचे एकाच बनावटीचे जाळे, पण मर्यादा प्रतिस्पर्धी कुठे आहे यावर ठरते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे कॉमकास्टने सर्वत्र मर्यादा तात्पुरती उठवली तेव्हाही, वापर एकाएकी वाढूनही, जाळे कोसळले नाही. जून २०२५ मध्ये याच कंपनीने नव्या ग्राहकांसाठी देशभर मर्यादेविना योजना आणल्या, आणि तोवर मोबाइल कंपन्यांचे बिनतारी घरगुती इंटरनेट तिचे ग्राहक ओढून नेऊ लागले होते.

कॅनडाची कथा लहान आहे, पण नियामकाने योग्य प्रश्न विचारला तर काय होऊ शकते हे तीत दिसते. तिथे मोठ्या कंपन्यांच्या तारा भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या नियामक आयोगाने मोठ्या कंपन्यांना या छोट्यांकडून वापरानुसार आकार घेण्याची मुभा दिली, त्यामुळे २०० जीबी देणारी एक छोटी कंपनी ओंटारिओमधील ग्राहकांना २५ जीबीवर आणण्याच्या तयारीला लागली. पाच लाखांच्या जवळपास नागरिकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, सरकारने हस्तक्षेपाचा इशारा दिला, आणि आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली. नोव्हेंबर २०११ च्या निर्णयात आयोगाने गिगाबाइटांची मोजणी बाजूला ठेवून क्षमतेवर आधारित पद्धत मान्य केली: छोट्या कंपनीने गर्दीच्या वेळी तिच्या सर्व ग्राहकांना मिळून किती वेग लागेल याचा अंदाज करून १०० एमबीपीएसच्या टप्प्यांत क्षमता विकत घ्यावी. ज्याची टंचाई त्याचाच दर, हे तत्त्व तिथे घाऊक पातळीवर तरी नियमात उतरले.

भारतात आज ३३०० जीबीच्या मर्यादेला कितीजण पोचतात हा प्रश्न सामान्यतः हसण्यावारी नेला जातो, आणि चित्रपट-मालिका पाहणाऱ्या कुटुंबाबाबत ते ठीकही आहे. पण वापराचे स्वरूप पालटत आहे. दुकानाच्या किंवा बंगल्याच्या कॅमेऱ्याने दोन एमबीपीएसने अहोरात्र चित्रण ढगात पाठवले तर एका कॅमेऱ्याचे महिन्याला ६४८ जीबी होतात. असे पाच कॅमेरे असले की ३२४० जीबी, आणि बऱ्याच योजनांत अपलोडही मर्यादेतच धरले जात असल्याने घरात एकही चित्रफीत न पाहता मर्यादा भरत येते. दुसरी विसंगती अशी की, मर्यादा वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. १०० एमबीपीएसवर ३३०० जीबीचे पूर्ण वेगाचे तास ७३, आणि ३०० एमबीपीएसवर अवघे साडेचोवीस. ३९९ रुपयांचा ग्राहक मर्यादेपासून जितका लांब आहे तितका ३०० एमबीपीएसचा १४९९ रुपयांचा ग्राहक नाही. अधिक वापरणाऱ्याने अधिक द्यावे हे न्यायाचे तत्त्व इथे चक्क उलटे फिरते, कारण ज्याने अधिक दिले त्याच्याही वाट्याला मर्यादा तेवढीच येते.

दरपत्रकात पूर्ण वेगाचे तास छापण्याची सक्ती, मर्यादा वेगाच्या प्रमाणात ठेवण्याची अट, आणि रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोजणीबाहेर ठेवण्याची जुनी तरतूद पुन्हा आणणे, या तीन गोष्टी नियामकाला करता येण्याजोग्या आहेत. यांपैकी शेवटची मागणी सर्वांत माफक आहे, कारण सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीने ती साध्या तांब्याच्या तारेवर अमलात आणून दाखवली होती. याखेरीज कंपन्यांनी प्रत्येक शहरातील गर्दीच्या वेळचा जोडमार्गांचा वापर आणि मर्यादेला पोचणाऱ्या ग्राहकांची टक्केवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. याला घेतला जाणारा आक्षेप असा की, तालुक्याच्या गावातील केबलचालकाला, ज्याचे सगळे कार्यालय म्हणजे एक खोली आणि दोन तंत्रज्ञ, हे ओझे झेपणार नाही. परंतु जोडमार्गांच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी ज्या वाहकाकडून तो क्षमता घेतो त्याच्या बिलात आधीच असतात, आणि प्रत्येक ग्राहकाच्या वापराची बेरीज त्याच्या स्वतःच्या रेडियस यंत्रणेत रोज होत असते; मर्यादा लावण्यासाठी जी मोजणी त्याला परवडते तीच मोजणी प्रसिद्ध करणे त्याला परवडणार नाही असे मानण्यास आधार नाही.